तलावाचं विरजण

माझं पोट चिखलावर चालतं. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या नखांकडे बघतो. कोकणातल्या एका खाडीकाठी मी गेली काही वर्षं काम करते. ओहोटी लागली की आम्ही तिवरांच्या जंगलात कमरेपर्यंत चिखलात उतरतो, लांब नळी खाली दाबतो आणि अख्खी भरून वर काढतो. मग त्या चिखलाच्या चकत्या कापायच्या, वाळवायच्या, तोलायच्या, भट्टीत जाळायच्या आणि उरलेली राख पुन्हा तोलायची. जे जळून गेलं ते झाडाझुडपांचं होतं. त्यावरून चिखलात कार्बन किती, ते काढता येतं.

ऐकणाऱ्याला एवढ्यात जांभई येते, हे मला माहीत आहे. पण गोष्ट साधी आहे. तिवराची पानं गळतात, मुळं मरतात आणि त्या दाट चिखलात हवा पोचत नसल्यामुळे ती धड कुजत नाहीत. झाडानं हवेतून ओढलेला कार्बन तसाच खाली दबून राहतो, एकावर एक थर चढत जातात. आपण तो चिखल उपसला, उन्हात टाकला की इतक्या वर्षांचं साठवलेलं भराभर हवेत परत जातं. म्हणून खाडीकाठी रोपं लावायला आणि फोटो काढायला पाहुणे आले की मी त्यांचा उत्साह घालवते. रोपं सावकाश लावा, आधी जुना चिखल हलू देऊ नका, असं सांगते. हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये म्हटलं आहे की माझे सहकारी माझ्याआधी ओठ हलवतात.

एकाच सभेत ते माझ्या तोंडून निघालं नाही. ती सभा माझ्या गावची होती.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, दिघोरीच्या पुढे. समुद्र इथून इतका लांब की आमच्या आळीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तो पाहिलेला नाही, आणि त्यांचं काही अडलंही नाही. आमच्याकडे तलाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि कोणाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं हे ठरवणारा पाणकर. माझे बाबूजी पाणकर होते. त्यांच्याआधी त्यांचे वडील होते. गावात त्यांचा धाक होता असं म्हणवत नाही, कारण घरी मायपुढे त्यांची बोलती बंद असायची. पण तलावाच्या बाबतीत त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

उन्हाळ्यात तलाव आटला की लोक बैलबंड्या घेऊन गाळ काढायला येत. गाळ बांधीत पडला की धान चांगलं येतं. त्या दिवसांत पाणकराचं एक काम असे. तलावाच्या वरच्या टोकाला, जिथून ओढ्याचं पाणी आत येतं, तिथं एक ओला कोपरा होता. तिथं पळसाचा एक खुंटा रोवायचा आणि त्याला मोहाच्या पानांची माळ बांधायची. खुंट्याच्या पलीकडे कोणी फावडं घालायचं नाही. तिथला गाळ सगळ्यांत काळा, सगळ्यांत मऊ, लोण्यासारखा. लोकांचा त्यावर डोळा असायचा, पण खुंटा ओलांडल्याचं मी लहानपणी कधी पाहिलं नाही.

मी लहान असताना बाबूजींना विचारलं होतं, तिथला काहून नाही काढत?

"तुयी माय दही लावते तं सारं दही खाऊन टाकते का?" ते म्हणाले. "चमचाभर ठेवते ना? ते इरजण. हा कोपरा तलावाचं इरजण आहे. सारं काढून नेलं तं पुढल्या वर्षी तलाव लावाले इरजण कोठून आनशीन?"

आणि खरंच, तलाव भरला की सगळं त्या कोपऱ्यातून पसरायचं. कमळ, शिंगाडा, पाण्याखालचं गवत, त्या गवतात अंडी घालणारे मासे, आणि देवधान. देवधान म्हणजे रानचा भात, कोणी न पेरता पाण्यात उगवणारा, दाण्याला लांब कुसळ असलेला. ऋषिपंचमीला नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नसतं, म्हणून माय त्या दिवशी देवधानाचा लालसर भात करायची. तो मला अजिबात आवडत नसे. आता त्याची चव आठवत बसते.

नोकरी लागल्यावर एका दिवाळीत मी बाबूजींना माझं काम करून दाखवलं होतं. बोअरच्या कामातून उरलेला हातभर पाइप घेतला, तलावाच्या कडेला चिखलात दाबला, वरचं तोंड हातानं गच्च बंद करून बाहेर काढला. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते. मी म्हटलं, बाबूजी, यात एकच गोष्ट विसरायची नसते. वर कोणतं आणि खाली कोणतं ते लिहून ठेवायचं. ते नाही लिहिलं तर नळी फुकट. आणि ती ओली ठेवायची. वाळली की आतलं निघून जातं.

"म्हंजे गाळाची बी जनमपत्रिका असते," ते म्हणाले आणि पुढे चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत बसले. माझी पोट्टी चिखलाची पत्रिका पाहते. मला तेव्हा लाज वाटली होती.

मग गाळ काढायची योजना आली. यंत्रं येणार होती आणि सगळा तलाव एकाच उन्हाळ्यात साफ होणार होता. गावाला आनंद झाला आणि त्यात गावाचं काही चुकलं नाही. गाळ साठून तलाव उथळ झालाच होता. बाबूजींचं म्हणणं एवढंच होतं की सारं काढा, फक्त तो कोपरा ठेवा. पण नव्या पोरांना विरजणाची गोष्ट पटत नव्हती. सगळ्यांत चांगला गाळ खुंटा मारून कशासाठी राखायचा? विचारायला ते मोकळे होते. बाबूजींना 'असंच असते' यापलीकडे उत्तर देता येत नव्हतं. म्हणून ग्रामसभेत त्यांनी मला फोन लावला.

मी तेव्हा खाडीत होते. नळी खाली अडकली होती, वर येत नव्हती, आणि भरती लागली होती. भरती कोणासाठी थांबत नाही. फोन सहकाऱ्यानं माझ्या कानाला लावून धरला, कारण माझे दोन्ही हात बरबटलेले होते.

"बाई, आपल्या कोपऱ्याच्या गाळात बी तो कार्बन असते ना? तू सांगत होती तसा?"

मी म्हटलं, "बाबूजी, मी कामात आहे. तो खाडीचा चिखल वेगळा. आपलं गोडं पाणी. गोड्या पाण्याच्या चिखलातून तर दुसरा गॅस निघते, हवेले तो अजून वाईट."

"पन हाये ना आत काही? काढू नये असं?"

"मी मोजलं नाही. मोजल्याशिवाय मी काही म्हणत नसते. गाळ आहे तो, काढतात तर काढू द्या ना!"

पलीकडे हसण्याचा मोठा आवाज झाला. एका माणसाचा नाही, पुष्कळांचा. तेव्हा मला कळलं की त्यांनी फोन स्पीकरवर लावला होता. सगळ्या गावाला ऐकवायला. चिखलाची पत्रिका पाहणारी त्यांची पोट्टी काय सांगते ते.

"बरं, बरं. कर तुयं काम," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी जे बोलले त्यात खोटं काही नव्हतं, आणि याचाच मला राग येतो. गोड्या पाण्याच्या चिखलातून मिथेन निघतो, हे खरं आहे. मी मोजलं नव्हतं, हेही खरं. पण दर सभेत जे वाक्य मी घोकल्यासारखं म्हणते, जुना चिखल हलू देऊ नका, ते परक्या लोकांना सांगायला माझ्याकडे वेळ असतो आणि बापाला सांगायला नव्हता. खाडीच्या चिखलाला मान होता, त्यावर परिसंवाद व्हायचे. आमच्या तलावाचा गाळ मला गाळच वाटला. घरचं ते कमी लेखायचं, असा माझा स्वभाव आहे आणि तो मला चांगला महागात पडला.

संध्याकाळी मी त्यांना फोन केला. ते जेवत होते. मायनं सांगितलं, नंतर करतील. त्यांनी केला नाही, मीही केला नाही.

मे महिन्यात यंत्रांनी पंधरा दिवसांत तलाव साफ केला. कोपरा तर अर्ध्या दिवसात. यंत्रवाल्यानं तिथं काळी माती संपेपर्यंत खणलं आणि पुढे खालचा चिकणमातीचा थरही उचलला, ज्याच्यावर पाणी टिकतं. तळाला मुरूम उघडा पडला. पावसाळ्यात तलाव भरला, लोकांनी पाळीवर नारळ फोडला. दिवाळीपर्यंत पाणी निम्म्याच्या खाली गेलं. मुरमातून झिरपून गेलं. कमळ आलं नाही. मासे बाहेरून आणून सोडले, ते लपायला गवत नसल्यामुळे बगळ्यांनी टिपले. ऋषिपंचमीला मायनं दुकानातून वरी आणली.

त्या दिवाळीत मी घरी गेले. बाबूजी मला पाळीवर घेऊन गेले. आम्ही दोघं पाण्याकडे बघत उभे राहिलो. मला माफी मागायची होती. शेवटी मी म्हटलं, "बाबूजी, त्या दिवशी माझ्या तोंडून..."

"तू खरंच बोलली," ते मध्येच म्हणाले. "मोजलं नाई तं कशी सांगशीन? मी बी काहून विचारलं तुले, तू कामात होती." मग म्हणाले, "पुढल्या वर्षी पाहू."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजून घेतलं. मी मान हलवली आणि आम्ही घरी येऊन चहा घेतला.

पुढचं वर्ष त्यांना पूर्ण मिळालं नाही. माघात, बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या बसल्या ते गेले. मी विमान आणि बस करत आले. कारध्याचा पूल ओलांडताना वैनगंगेत उतरलेलं पाणी दिसलं आणि मनात आलं, बाबूजींना सांगावं नदी किती खाली गेली आहे. मग आठवलं. चुलबंद नदीच्या काठावर त्यांना अग्नी दिला तेव्हा मी लांब, बायकांमध्ये उभी होते. धूर सरळ वर गेला. त्या दिवशी वारा नव्हता.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी परसात गेले. गुरांच्या पाण्याच्या टाक्यात एक पाइप उभा होता. हातभर लांब, दोन्ही तोंडांना खताच्या पोत्याचं प्लास्टिक, त्यावर सुतळीचे घट्ट फेरे. अंगावर गेरूनं बाण काढलेला आणि बाणाच्या टोकाशी त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'वर'.

मी सुतळीच्या फेऱ्यांवरून बोट फिरवलं.

माय मागून आली. म्हणाली, "मशीन येयाच्या आदल्या दिवशी कोपऱ्यातून काढून आनला वं त्याईनं. रोज पाहत, पानी हाये का नाई टाक्यात. आता मी पाहून राहिली."

"माझ्यासाठी ठेवला?" मी विचारलं.

"तूच तं शिकवलं होतं त्याईले," ती म्हणाली.

मला यापुढे काही विचारायची गरज वाटली नाही. मला सगळं कळलं होतं, म्हणजे मला तसं वाटलं. मोजल्याशिवाय मी काही म्हणत नसते, असं मी चारचौघांत बोलले होते. त्यांनी मोजायला नमुना ठेवला होता. नियमाप्रमाणे काढलेला, ओला राखलेला, वर-खाली खुणा केलेला. मी मायला म्हटलं, मी हा नेते, मोजते. ती म्हणाली, "ने बाई. मोज." तिनं जुन्या लुगड्याचं ओलं फडकं त्याला गुंडाळून दिलं. परतीच्या वाटेवर मी तो मांडीवर उभा धरून बसले, बाण वर करून. बसमधल्या एका बाईनं विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, माझ्या वडलांचं आहे.

प्रयोगशाळेत मी तो कोणाला हात लावू दिला नाही. एका सुटीच्या दिवशी एकटीनंच उघडला. वास आला, आमच्या तलावाचा. मी चकत्या कापल्या. नेहमी आम्ही नळी उभी चिरून अर्धी जपून ठेवतो, पुढेमागे लागली तर असू द्यावी म्हणून. यावेळी मी अख्खी वापरली. बाबूजींच्या कामात मला कसर ठेवायची नव्हती. वरच्या चकतीत चिमट्याला काही लागलं. काळपट दाणे, लांब कुसळ असलेले. देवधान. बरेच होते, ताटलीत टिचटिच वाजले. क्षणभर मनात आलं, हे बाजूला ठेवावेत. मग स्वतःला म्हटलं, भावनेच्या भरात नमुना बिघडवायचा नाही. चिखलात जे आहे ते सगळं चिखलाचं. ते दाणेही मी वाळवले, कुटले आणि भट्टीत ठेवले.

उत्तर आलं ते खाडीतल्या माझ्या कितीतरी नळ्यांहून मोठं होतं. मी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. खालच्या थरापर्यंत तेच, काळं आणि भरगच्च. मिथेनचं काय ते निराळं मोजावं लागतं, पण एवढं नक्की की तो कोपरा हलवायला नको होता. यंत्रानं अर्ध्या दिवसात उचलून बांध्यांवर पसरलं आणि उन्हात उडून गेलं, ते बाबूजींच्या वडलांच्या आणि त्यांच्याही वडलांच्या काळापासूनचं होतं. बाबूजींचं म्हणणं खरं निघालं. मी टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडले. आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात थोडं समाधानही होतं. उशिरा का होईना, मी माझं काम केलं होतं.

मी मायला फोन केला. "मोजलं, माय. लगित आहे, भरपूर. बाबूजी बरोबर होते."

ती रडली. मग नाक ओढून म्हणाली, "मंग आता घेऊन ये लवकर. तळ लिपून झाला."

"कशाचा तळ?"

"कोपऱ्याचा. तुया बाबूजीनं ठरवलं होतं ना, या उनाळ्यात तिथं चिकनमाती टाकाची, बैलानं चिखल करून तळ लिपाचा, अना मंग ते नळी तशीच उभी गाडाची. वरची बाजू वर. त्यातलं बियानं वरच असते म्हने. इरजण लावाले ठेवली होती ना ते. मीनं अना दोन-चार जुन्या मानसायनं मिळून तळ लिपला. ज्याईनं त्या दिवशी हासलं होतं, त्यातल्याइनं बी बंडीभर माती टाकली. तू आता घेऊन ये."

तिनं दोनदा हॅलो म्हटलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या लेखी मोजणं म्हणजे तांदूळ मोजणं. मापात घ्यायचं, मोजायचं आणि परत पोत्यात ओतायचं. मोजायला जाळावं लागतं, हे तिला कोण सांगणार होतं? मी परसात तिला एक प्रश्न अजून विचारला असता तर पुरलं असतं. ग्रामसभेच्या फोनवर मी मोजलं नाही म्हणून बोलले नाही, आणि परसात न विचारता सगळं समजून बसले. दोन्ही वेळा मला घाई होती.

मी फोनवर सांगितलं नाही. रोहिणी लागायच्या आधी गावी गेले. पिशवीत राखेच्या बारा डब्या होत्या, प्रत्येकीवर थराचा आकडा घातलेला. त्या का घेतल्या, मला माहीत नाही. रिकाम्या हातानं जाववलं नाही एवढंच.

माय बस थांब्यावर आली नव्हती. शेजारच्या काकूंनी सांगितलं, ती सकाळपासून तलावावर आहे. मी तशीच पाळीवरून चालत वरच्या टोकाला गेले. तळ खरंच लिपला होता, अंगण सारवावं तसा गुळगुळीत. पळसाचा नवा खुंटा रोवला होता, त्याला मोहाच्या पानांची माळ होती. खुंट्याच्या पलीकडे मायनं एक खड्डा खणून ठेवला होता, पाइप बसेल एवढा गोल, हातभर खोल. ती त्याच्याशी उकिडवी बसून तांब्यानं त्यात पाणी घालत होती.

मला पाहून तिनं पदरानं हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"आन," ती म्हणाली.